फ्लोराइड दातांना तारक की मारक? विहिरीचे पाणी, मुलांची टूथपेस्ट आणि वार्निश यांविषयी

दापोलीकर_आई (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका गावात राहतो. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा साडेतीन वर्षांचा. शाळेत नुकत्याच झालेल्या आरोग्य तपासणीत मुलीच्या दुधाच्या दोन दाढा किडल्याचे आढळले. मागे नव्याने उगवलेल्या कायमच्या दाढेवर हिरडीलगत खडूसारखा पांढरट पट्टा दिसतो, असेही डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही मुलांना फ्लोराइड असलेली टूथपेस्ट द्यावी आणि मुलीच्या दातांना फ्लोराइडचे वार्निश लावून घ्यावे, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे.

घरात मात्र यावर एकमत होत नाही. माझे दीर नोकरीनिमित्त काही वर्षे यवतमाळ जिल्ह्यात होते. तिथल्या काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांचे दात पिवळे-तपकिरी झालेले आणि मोठ्या माणसांचे सांधे आखडलेले त्यांनी स्वतः पाहिले आहेत. त्यामुळे हे विष घरात आणू नका, असे ते कळकळीने सांगतात. सासूबाईंनी आयुष्यभर राखुंडी आणि मीठ वापरले आणि साठी उलटली तरी त्यांचे बहुतेक दात शाबूत आहेत. आपण ताजे मासे खातो, मिठागरातले मीठ खातो, मग बाहेरच्या औषधाची गरज काय, असा त्यांचा प्रश्न आहे आणि मला त्याचे उत्तर देता येत नाही.

पिण्याचे पाणी घरच्या विहिरीचे आहे. विहीर जांभ्यात खोदलेली आहे. वैशाखात पाणी तळाला गेले, की शेजाऱ्यांच्या बोअरवेलचे पाणी आणतो. आरओ बसवावा, असाही विचार चालू आहे. फ्लोराइड दातांवर नेमके काय काम करते, ते कोणत्या वयात किती वापरावे आणि आमच्या पाण्याचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दंतवैद्य_चिपळूण

ताई, तुमच्या दिरांनी यवतमाळमध्ये जे पाहिले ते खरे आहे आणि शाळेत आलेल्या डॉक्टरांनी जे सांगितले तेही खरे आहे. दिरांनी पाहिला तो वर्षानुवर्षे पाण्यावाटे पोटात गेलेल्या फ्लोराइडचा परिणाम, आणि डॉक्टर बोलत आहेत ते दाताच्या पृष्ठभागावर थोड्या प्रमाणात, पण रोज लागणाऱ्या फ्लोराइडविषयी. पाण्याबद्दल येथील दुसरे कोणी अधिक अधिकाराने लिहू शकेल. मी दातापुरते लिहितो.

दाताचे वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजाचे असते. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असून त्याला हायड्रॉक्सिॲपेटाइट म्हणतात. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले, की दातांवर साचलेल्या थरातील जिवाणू काही मिनिटांतच त्यांपासून आम्ल तयार करतात. तोंडातील पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. पुढे अर्ध्या ते एका तासात लाळ ते आम्ल निवळते आणि लाळेतील कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा दातात बसू लागतात. झीज आणि भरपाई यांचा हा व्यवहार प्रत्येकाच्या तोंडात दिवसभर चालू असतो. झीज सतत भरपाईपेक्षा जास्त होत राहिली, तरच दात किडतो.

फ्लोराइड या व्यवहारात भरपाईच्या बाजूने उभे राहते. लाळेत आणि दातावरच्या थरात ते अत्यल्प प्रमाणात असले, तरी आम्लाचा हल्ला चालू असताना खनिज विरघळण्याचा वेग कमी होतो. आम्ल निवळल्यावर कॅल्शियम-फॉस्फेट परत बसण्याचा वेग वाढतो आणि परत बसणाऱ्या खनिजात फ्लोराइड स्वतः सामील होते. असे फ्लोराइडयुक्त खनिज मूळ खनिजापेक्षा आम्लापुढे अधिक टिकाव धरते. शुद्ध फ्लोरॲपेटाइट विरघळण्यासाठी पीएच सुमारे ४.५ पर्यंत उतरावा लागतो. याशिवाय जिवाणूंना साखरेपासून आम्ल करण्यासाठी लागणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला), एनोलेजला, ते अडथळा आणते. मात्र दातांचे संरक्षण प्रामुख्याने पहिल्या दोन क्रियांमुळे होते.

तुमच्या मुलीच्या दाढेवर दिसणारा पांढरट पट्टा म्हणजे कीड लागण्याची अगदी पहिली पायरी असण्याची शक्यता मोठी आहे. अशा ठिकाणी वरचा पापुद्रा शाबूत असतो आणि त्याच्याखालचे खनिज कमी झालेले असते. खड्डा पडलेला नसल्यामुळे ही अवस्था थांबवता येते आणि बऱ्याच प्रमाणात मागेही फिरवता येते. दात एकदा कोरला गेला, की फ्लोराइड तो भरून काढू शकत नाही. म्हणूनच शाळेतील डॉक्टरांचा सल्ला वेळेवर मिळालेला आहे, असे मी म्हणेन.

पूर्वी असे मानले जात असे, की दात हिरडीच्या आत घडत असतानाच फ्लोराइड पोटातून त्यात जायला हवे. म्हणून काही देशांत मुलांना फ्लोराइडच्या गोळ्या देत असत. १९८० च्या दशकापासून पुढे जमा होत गेलेल्या संशोधनाने हे मत बदलले, आणि दात उगवल्यानंतर त्यावर बाहेरून लागणारे फ्लोराइडच मुख्य काम करते, हे आता सर्वमान्य आहे. ते गिळण्याची गरज नाही, आणि लहान मुलाने तर ते शक्य तितके कमी गिळावे.

आता वापराविषयी. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड असू नये, आणि ते किती आहे हे ट्यूबवर व खोक्यावर मुदतीच्या तारखेसह छापलेले असावे, असा नियम आहे. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. पहिला दात उगवल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घ्यावी. तांदळाएवढ्या पेस्टचे वजन साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे ती सगळी गिळली तरी पोटात ०.१ मिलिग्रॅम जाते. वाटाण्याएवढ्या पेस्टमधून ०.२५ मिलिग्रॅम जाते. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड ५०० पीपीएमच्या आसपास असते. दात किडण्यापासून खात्रीचे संरक्षण १००० पीपीएम आणि त्याहून अधिक प्रमाणालाच दिसून आलेले असल्यामुळे, ज्या घरात कीड आधीच आहे तिथे कमी शक्तीची जास्त पेस्ट देण्यापेक्षा १००० पीपीएमची पेस्ट थोडी द्यावी, असे माझे मत आहे. मुलाला आंबा किंवा स्ट्रॉबेरीच्या स्वादाची पेस्ट आवडत असेल, तर ट्यूबवरचा आकडा वाचून मगच घ्यावी. आयुर्वेदिक किंवा वनौषधींची म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसते.

आपल्याकडच्या पेस्टमध्ये घासण्यासाठी बहुधा खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असते. साधे सोडियम फ्लोराइड त्यातील कॅल्शियमशी बांधले जाऊन निकामी होते. म्हणून अशा पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट वापरतात आणि घटकांच्या यादीत तुम्हाला हेच नाव दिसेल. ट्यूब जुनी झाली, की उपयोगी फ्लोराइड कमी होत जाते. मुदत उलटलेली पेस्ट स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

दिवसातून दोनदा ब्रश करावा. त्यातली रात्रीची वेळ मुळीच चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना वाली उरत नाही. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण लगेच खळखळून चूळ भरू नये. पेस्टचा जो पातळ थर दातांवर राहतो, तोच पुढचे काही तास काम करतो, आणि पेलाभर पाण्याने तो धुऊन टाकणे म्हणजे विकत घेतलेले औषध मोरीत ओतणे आहे. कोकम सरबत, कैरी किंवा आवळा खाल्ल्यावर मात्र लगेच ब्रश करू नये. त्या आम्लाने इनॅमल काही काळ मऊ पडलेले असते. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. फ्लोराइड झीज मंदावते, पण दिवसातून आठ-दहा वेळा तोंडात साखर जात असेल तर ते पुरे पडत नाही. सकाळी चहाबरोबर बिस्कीट, शाळेतून येताना गोळी, संध्याकाळी आंबापोळी किंवा फणसपोळीचा तुकडा, असा क्रम मी रोज ऐकतो. आंबापोळी आणि फणसपोळी आपल्या घरचे उत्तम पदार्थ आहेत, परंतु ते दाढांच्या खाचांत चिकटून राहतात. ते जेवणाबरोबर खावेत, जाता-येता तोंडात टाकू नयेत.

जांभा_आणि_पाणी

भूजलाच्या क्षेत्रात काम केल्यामुळे पाण्याच्या भागावर लिहितो.

भूजलातील फ्लोराइड खडकांतून येते. फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशी खनिजे ज्या खडकांत असतात, तिथे पाणी दीर्घकाळ मुरत राहिले आणि त्या पाण्यात कॅल्शियम कमी असले, तर फ्लोराइड विरघळून वाढते. त्यामुळे उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरवेलमध्ये ते जास्त आढळण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावे याने बाधित आहेत आणि आपल्या दिरांची काळजी तिथल्या अनुभवातून आलेली आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या देशात हाडांवर होणाऱ्या या विकाराची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर भागातून झाली होती, म्हणजे हा प्रश्न नवा नाही.

दापोली, गुहागर, रत्नागिरीकडे बेसाल्ट आणि त्यावर जांभ्याची टोपी अशी रचना आहे. पाऊस भरपूर पडतो आणि जांभ्यातील विहिरींचे पाणी दरवर्षी नव्याने भरते. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. मात्र 'सहसा' या शब्दावर मुलांचे आरोग्य सोपवू नये. सिंधुदुर्गात दक्षिणेकडे ग्रॅनाइट-नीससारखे फार जुने खडक आहेत. तुरळ, राजवाडी, उन्हवरे यांसारख्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या परिसरात तर खोलवरून वर येणारे पाणी खनिजे घेऊन येते. अशा ठिकाणचे पाणी तपासल्याशिवाय नेहमीसाठी पिऊ नये. आपल्या बाबतीत विहीर आणि शेजाऱ्यांची बोअरवेल हे दोन वेगळे स्रोत आहेत, म्हणून दोन्हींचे नमुने वेगवेगळे तपासावेत.

ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याचे जे संच दिलेले आहेत, त्यांत फ्लोराइडची चाचणीही असते. जलसुरक्षकांना विचारल्यास ते करून देतील. ती प्राथमिक चाचणी समजावी आणि नेमका आकडा हवा असल्यास जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. नमुना काचेच्या नव्हे, तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरावी आणि वर स्रोताचे नाव व तारीख लिहावी. बोअरवेलचे पाणी वैशाखात पीत असाल, तर नमुनाही त्याच दिवसांत घ्यावा.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ हीच आहे. डॉक्टरांनी वर दिलेला हिशेब पुढे नेऊन पाहावा. पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि मूल दिवसाला एक लिटर पाणी पीत असेल, तर त्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम जाते. तेवढे पेस्टमधून जाण्यासाठी वाटाण्याएवढी पेस्ट बारा वेळा घेऊन ती सगळीच्या सगळी गिळावी लागेल. बाधित गावांतील दात आणि हाडे पाण्याने बिघडली आहेत, टूथपेस्टने नव्हेत, हे या आकड्यांवरून कळते.

दातांवरील डाग आणि दातांचे संरक्षण या दोन गोष्टींचा संबंध लागला तोही पाण्यामुळेच. १९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला अनेक रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, आणि पुढे लक्षात आले की असे दात किडतात मात्र कमी. कारण सापडायला तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये ॲल्युमिनियम कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी आर्कान्सामधील बॉक्साइट गावाच्या पाण्यात भरपूर फ्लोराइड शोधून काढले. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी निरनिराळ्या शहरांचे पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले, तेव्हा लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम असताना कीड कमी होते आणि डागही फारसे पडत नाहीत, असे दिसले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. आता तिथे ०.७ मिलिग्रॅम हे प्रमाण शिफारस केलेले आहे. आपल्या उष्ण हवेत माणूस पाणी जास्त पितो आणि अनेक भागांच्या पाण्यात फ्लोराइड निसर्गतःच जास्त आहे, त्यामुळे आपल्याकडे ते काढून टाकण्याचाच प्रश्न मोठा आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने त्यासाठी तुरटी आणि चुना वापरण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली.

आरओविषयी विचारलेत. आरओ पाण्यातील बहुतेक फ्लोराइड काढतो. साधा कार्बनचा फिल्टर ते काढत नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि फ्लोराइड तेवढेच राहते. चाचणीत आकडा १ च्या आत आला, तर केवळ फ्लोराइडच्या भीतीने आरओ घेण्याचे कारण नाही. समुद्राजवळच्या विहिरीत खारेपणा शिरत असेल, तर तो वेगळा विषय आहे.

सासूबाईंच्या मिठाच्या मुद्द्यावर एक हिशेब देतो, कारण हा प्रश्न किनाऱ्यावर नेहमी निघतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १.३ मिलिग्रॅम फ्लोराइड आणि ३५ ग्रॅम क्षार असतात. ते सगळे फ्लोराइड मिठात उतरले असे धरले, तरी एक किलो मिठात ४० मिलिग्रॅमही भरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये दातांसाठी मुद्दाम फ्लोराइड मिसळलेले मीठ मिळते, त्यात ते किलोला २५० मिलिग्रॅम असते. मिठागरातले मीठ चवीला आपले आहे, पण दातांचे काम ते करू शकणार नाही.

वेंगुर्ले_शिक्षिका

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दोन्ही उत्तरे वाचून फार समाधान वाटले. शाळेत मुलांकडून ब्रश करवून घेताना जे रोज दिसते ते लिहिते, कारण सल्ला आणि वापर यांत अंतर पडते ते इथेच.

जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट काढलेली असते आणि मुले तशीच पिळतात. तेवढी पेस्ट वाटाण्याच्या तीन-चार पट तरी होते. ब्रशच्या लांबीवर पेस्ट न काढता रुंदीवर आडवी काढली आणि बोटाने केसांत दाबून बसवली, तर ती कमी लागते. मग ती तोंडात जाताच गळून पडत नाही आणि मूल ती चाटूनही टाकत नाही. ट्यूब मोठ्यांच्या हातात असावी, हा नियम मी पालकांना पहिल्या सभेतच सांगते. साडेतीन वर्षांच्या मुलाला नीट थुंकता येत नाही. त्याला खाली वाकवून, मान झुकवून थुंकायला शिकवावे लागते. मान वर असेल तर फेस घशातच जातो. सात वर्षांच्या मुलीलाही मागच्या दाढांपर्यंत ब्रश नेता येत नाही, तेव्हा रात्री एकदा आईने किंवा वडिलांनी तिच्या मागे उभे राहून, तिची हनुवटी धरून ब्रश करून द्यावा.

चूळ न भरण्याची सवय लावणे सर्वांत अवघड जाते. मुलांना तोंडात फेसाची चव नको असते आणि मोठ्यांना ते अस्वच्छ वाटते. आमच्याकडे मुले दोन-तीनदा थुंकून ओठ पुसतात आणि थेट वर्गात जातात. पाणी अर्ध्या तासाने पितात. सुरुवातीला तक्रारी झाल्या, आता कोणी काही म्हणत नाही.

आणखी एक विषय काढणे मला कर्तव्य वाटते. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ही पूड आजी स्वतः लावते आणि दात दुखतो म्हणून नातीच्या दाढेवरही चिमूटभर ठेवते. त्याने दुखणे क्षणभर बधिर होते, कीड तशीच राहते आणि तंबाखूची सवय मात्र लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोणाचे लक्ष असणार? ज्या घरात फ्लोराइडला विष म्हणून नाकारले जाते, त्याच घरात मशेरीचा डबा कोनाड्यात असलेला मी पाहिला आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

दापोलीकर_आई

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. दोन्ही ठिकाणचे पाणी ग्रामपंचायतीत तपासायला देत आहे आणि दिरांनाही हा सगळा हिशेब वाचून दाखवला. पेस्ट आणायला त्यांची आता हरकत नाही, मात्र वार्निशबद्दल त्यांना शंका आहे, कारण त्यात फ्लोराइड पेस्टच्या कितीतरी पट असते, असे त्यांनी वाचले आहे. ते सुरक्षित आहे का? किडलेल्या दुधाच्या दाढा पुढे पडणारच आहेत, तर त्यांच्यावर उपचार करावेत का? धाकट्याने कधी नजर चुकवून ट्यूब चोखली तर काय करावे? आणि सासूबाईंनीही आपले दात दाखवावेत का?

दंतवैद्य_चिपळूण

ताई, दिरांनी वाचले ते बरोबर आहे. वार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम फ्लोराइड असते. परंतु लहान मुलाच्या सर्व दातांना साधारण पाव मिलिलिटर वार्निश पुरते आणि त्यात साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड येते. ते एकदम पोटातही जात नाही. वार्निश राळेत कालवलेले असते, लाळ लागताच दातावर घट्ट बसते आणि पुढचे काही तास फ्लोराइड हळूहळू सोडत राहते. म्हणूनच लहान मुलांसाठी फ्लोराइडच्या जेलपेक्षा वार्निश अधिक सुरक्षित मानले जाते. कॉक्रेन ही संस्था अनेक संशोधनांचे निष्कर्ष एकत्र ताडून पाहते; तिच्या २०१३ सालच्या आढाव्यात वार्निशमुळे कीड कायमच्या दातांत सुमारे ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांत सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. नुसत्या फ्लोराइड पेस्टचा आकडा २००३ च्या आढाव्यात सुमारे २४ टक्के होता. वार्निश दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात. ज्यांना राळेची ॲलर्जी आहे किंवा हिरड्यांना जखमा आहेत, त्यांनी ते आधी सांगावे. लावल्यावर काही तास कडक, चिकट किंवा गरम काही देऊ नये आणि ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी करावा. दात त्या दिवशी पिवळसर दिसतील, पण तो रंग ब्रश केल्यावर जातो.

दुधाच्या दाढा पडणार आहेत हे खरे, पण त्या दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या मुलीला त्यांच्यावर आणखी तीन ते पाच वर्षे जेवायचे आहे. त्या लवकर काढल्या, तर मागचे दात पुढे सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांना जागा उरत नाही. खड्डा लहान असेल तर तो भरता येतो. मूल उपचाराला तयार नसेल, तर ३८ टक्क्यांचे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून कीड आहे तिथेच थांबवण्याचा मार्ग आहे. त्याने किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे पालकांना आधी सांगितले गेलेच पाहिजे. मागच्या दाढेवर ते बहुधा कोणाला खुपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या दोहोंचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

सहाव्या वर्षी मागे उगवणारी दाढ ही पहिली कायमची दाढ असते. दुधाचा एकही दात न पडता ती मागून येते, त्यामुळे पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्या चावण्याच्या बाजूवर खोल खाचा असतात आणि तिथे फ्लोराइडचा उपयोग गुळगुळीत पृष्ठभागांइतका होत नाही. म्हणून वार्निशबरोबर या खाचा सीलंटने बुजवून घेता येतील का, हेही तपासणीच्या वेळी विचारावे. बाजारात मिळणारे फ्लोराइडचे माउथवॉश सहा वर्षांखालील मुलांना देऊ नये. धाकट्याला तर मुळीच नको.

ट्यूब चोखण्याविषयी. फ्लोराइडची विषबाधा होण्याचा संभव साधारणपणे वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम पोटात गेल्यावर धरतात. पंधरा किलोच्या मुलासाठी हा आकडा ७५ मिलिग्रॅम होतो, म्हणजे १००० पीपीएमची ७५ ग्रॅम पेस्ट. बोटभर पेस्ट खाल्ली तर पोटात मळमळेल. लगेच दूध पाजावे, कारण दुधातील कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते. बरीचशी ट्यूब रिकामी दिसली किंवा मुलाला उलट्या होऊ लागल्या, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि ट्यूब सोबत घ्यावी. एकदा-दोनदा चुकून गिळल्याने डाग पडत नाहीत. मात्र पुढचे कायमचे दात हिरडीखाली घडत असताना, विशेषतः पहिल्या तीन वर्षांत, रोज जास्त पेस्ट गिळली गेली, तर पुढे त्या दातांवर फिकट पांढरे ठिपके दिसू शकतात. तांदळाएवढ्या पेस्टचा नियम त्यासाठीच आहे.

सासूबाईंनी अवश्य दाखवावे. त्यांच्या बालपणी चहा-बिस्किटे आणि गोळ्या-चॉकलेटे आजच्याइतकी घरात नव्हती. त्यांचे दात टिकले याचे श्रेय मी राखुंडीपेक्षा त्या आहाराला देईन. राखुंडीने दातांवरचा थर निघतो, परंतु ती खरखरीत असते आणि वर्षानुवर्षे घासल्याने हिरडीलगतचा भाग झिजतो. या वयात हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमल नसते आणि त्याचे खनिज ६ पेक्षा अधिक पीएचला, म्हणजे अगदी सौम्य आम्लातही विरघळू लागते. त्यातच रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. त्यामुळे मुलांइतकीच फ्लोराइड पेस्टची गरज त्यांनाही आहे. राखुंडी थांबवून त्यांनी मऊ ब्रश घ्यावा, पेस्ट तीच घरातली चालेल, आणि तपासणीला येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणावी.